तिथल्या होड्या बाहेर पडल्यात काय?

प्रवेश अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. पहिल्या वर्षी मी त्यात नुसतंच 'व्यवसाय' असं लिहिलं होतं. ऑफिसमधल्या मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "अरे, पण कसला?" मी म्हटलं, "माशांचा." त्यांनी आपणहून 'मत्स्य व्यापार' असं लिहून घेतलं आणि मी ते तसंच राहू दिलं. हॉस्टेलवरही कुणी विचारलं की "बाबांचा फिशचा बिझनेस आहे" एवढं सांगून मी विषय बदलायचो.

खरं सांगायचं तर बाबा तांडेल आहेत. हर्णै बंदरात आमची एक होडी आहे, तिच्यावर चार खलाशी आहेत आणि बँकेचं कर्जही आहे. मी बारा वर्षांचा झालो तेव्हा बाबांनी मला होडीवर न्यायचं बंद केलं. "खारं पाणी एकदा अंगात मुरलं की पुस्तक हातात टिकत नाय," असं म्हणायचे. त्यामुळे सुवर्णदुर्गासमोर वाढलेला मी, पोहायला येतं पण सुकाणू धरता येत नाही, असा अर्धवट कोळी राहिलो. मग हा अर्धवट कोळी शिडाच्या बोटीवर पहिल्यांदा चढला तो थेट ग्रीसमध्ये. त्याचीच ही गोष्ट.

२०२४ च्या उन्हाळ्यात मला अथेन्सच्या एका विद्यापीठात दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. इकडे मित्रांनी जाहीर करून टाकलं की साहेब निळ्या समुद्राकाठी पांढऱ्या घरात बसून द्राक्षं खाणार. प्रत्यक्षात मी तळघरातल्या लॅबमध्ये पंपाच्या कंपनांचे आलेख काढत होतो. बाहेर ऊन असं की काही दिवस दुपारी अ‍ॅक्रोपोलिससुद्धा पर्यटकांना बंद ठेवावं लागलं. समुद्र दिसायचा तो ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर, तोही रविवारी.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लॅबमधली पीएच.डी. करणारी सिनियर म्हणाली, "माझ्या काकांची शिडाची बोट आहे. आठवडाभर बेटांवर जाणार आहोत. एक माणूस कमी आहे, येतोस?" जेवणाचा आणि डिझेलचा खर्च सगळ्यांत वाटून घ्यायचा होता. पुढच्या शुक्रवारी माझं शेवटचं प्रेझेंटेशन होतं आणि त्यानंतरच्या बुधवारी परतीचं विमान. गुरुवारपर्यंत परत येऊ असं ती म्हणाली. मी विचार करायच्या आधीच हो म्हणून बसलो होतो.

काका सत्तरीला टेकलेले. आयुष्यभर ग्रीक मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काम केलेले. सगळे त्यांना 'बार्बा' म्हणत. तिकडे वयस्कर माणसाला असंच म्हणतात, आपल्या 'काका'सारखं. मी भारतातला म्हटल्यावर त्यांनी एकच शब्द उच्चारला, "बॉम्बे!" आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की दोन दिवस खांदा दुखत होता. ऐंशीच्या दशकात त्यांचं जहाज मुंबईला तीन आठवडे उभं होतं म्हणे.

बोट लावरिओ बंदरात होती. या गावच्या चांदीच्या खाणींच्या पैशावर प्राचीन अथेन्सनं आपलं आरमार उभारलं आणि इ. स. पूर्व ४८० मध्ये सालामिसला इराणी आरमाराला हरवलं. तिकडे जाताना वाटेत सूनिओचं भूशिर लागतं. कड्यावर पोसायडन या समुद्रदेवाचं अडीच हजार वर्षांपूर्वीचं देऊळ आहे. आता फक्त पांढरे खांब उभे आहेत. सिनियरनं तिथे गाडी थांबवून एक गोष्ट सांगितली.

अथेन्सचा राजपुत्र थिसियस क्रीट बेटावरच्या राक्षसाला मारायला निघाला. त्याच्या जहाजाला काळं शीड होतं. त्यानं बापाला, म्हणजे राजा एजियसला, शब्द दिला की जिवंत परतलो तर पांढरं शीड लावून येईन. राक्षसाला मारलं, सगळं यथासांग झालं, पण परतीच्या आनंदात पोरगं शीड बदलायला विसरलं. कड्यावर वाट बघत उभ्या असलेल्या बापाला लांबून काळं शीड दिसलं आणि त्यानं समुद्रात उडी घेतली. म्हणून हा एजियन समुद्र.

मी म्हटलं, "एवढ्याशा गोष्टीसाठी?" सिनियर म्हणाली, "बापाला ती एवढीशी नव्हती." मी फोटो काढण्यात गुंग होतो. उत्तर कानावरून गेलं.

शनिवारी सकाळी निघालो. बोट चाळीस फुटी, वर दोन शिडं. वारा उत्तरेचा आणि आम्हाला जायचं आग्नेयेला, म्हणजे वारा जवळजवळ पाठीशी. घाटाच्या उताराला सायकल सोडून दिल्यासारखं वाटत होतं. इंजिन बंद केल्यावर फक्त पाण्याचा आवाज उरला. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात जेमतेम काठावर पास झालेला मी, शिडाचा फुगवटा बघून सगळ्यांना बर्नूली समजावून सांगू लागलो. बार्बांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातात दोर दिला. "ओढ." मी ओढला. "अजून." पाचव्या मिनिटाला तळहात सोलून निघाले आणि तिथेच लेक्चर संपलं.

दुपारी केआच्या खाडीतल्या लाटा लागल्या आणि मला ओकारी झाली. तांडेलाच्या पोराला बोट लागली! अजून मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता छापूनच येतंय.

केआच्या त्या पाण्याखाली टायटॅनिकची धाकटी बहीण पडली आहे. तिचं नाव ब्रिटॅनिक. टायटॅनिक बुडाल्यावर हिच्यात दुहेरी भिंती घातल्या, आतले आडवे पडदे उंच केले. १९१६ च्या नोव्हेंबरात रुग्णालय-जहाज म्हणून जाताना सुरुंगावर आदळली आणि ५५ मिनिटांत बुडाली. टायटॅनिकला अडीच तासांहून जास्त लागले होते! खालच्या मजल्यांवर हवा यावी म्हणून गोल खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. जहाज कललं तसं त्यांतून पाणी आत शिरलं. हजाराहून जास्त माणसांपैकी ३० दगावली, बाकी वाचली. बार्बा म्हणाले, "इंजिनिअरनं सगळं केलं होतं. खिडकी कोण बंद करणार, हे कागदावर नव्हतं." आपल्या डिझाइनच्या सरांनी हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवायला हरकत नाही.

घरातून निघताना मी बाबांना शब्द दिला होता की रोज संध्याकाळी नांगर टाकला की फोन करीन. पहिल्या दिवशी केआवरून केला. दुसऱ्या दिवशी किथ्नोस बेटावर कोलोना नावाच्या जागी थांबलो. वाळूचा एक चिंचोळा पट्टा, दोन्ही बाजूंना समुद्र, जणू बेटाला दुसरं छोटं बेट वाळूच्या दोरीनं बांधलंय. तिथे मी दिवसभर व्हिडिओ काढले आणि संध्याकाळपर्यंत फोनची बॅटरी संपली. बोटीवर चार्जर होता, सिनियरचा फोन होता. पण पोहणं, मग जेवण, मग गाणी... विसरलो.

सोमवारी फोन सुरू केला तर अकरा मिस्ड कॉल. आई म्हणाली, "तुझे बाबा रात्री दोनपर्यंत पडवीत बसून होते." मी उलट चिडलो. "मी काय लहान आहे का? इथे आभाळ स्वच्छ आहे, सगळे टुरिस्ट फिरतायत. उगाच कशाला काळजी!" आई काही बोलली नाही. मागून बाबांचा आवाज आला, "ठेव फोन. बरा हाय ना? बास."

त्या दुपारी आम्ही सिरोस बेटावरच्या एर्मूपोली बंदरात शिरलो. बेट म्हटल्यावर मला चार पांढरी घरं आणि एक मांजर अपेक्षित होतं, पण हे चांगलं टेकडीभर पसरलेलं शहर निघालं. १८२० च्या दशकात युद्धामुळे खिऑस, प्सारा अशा बेटांवरून पळून आलेल्या निर्वासितांनी ते वसवलं. १८६१ मध्ये इथे निओरिओन ही जहाजबांधणीची गोदी सुरू झाली. संग्रहालयात आणखी एक गंमत दिसली: १९७० च्या दशकात याच बेटावर बनलेली एनफिल्ड ८००० नावाची विजेवर चालणारी चिमुकली मोटार. (आपल्या बुलेटशी तिचा संबंध नाही, मी विचारून घेतलं.) धक्क्यावरच्या खाणावळीसमोर दोरीवर ऑक्टोपस वाळत घातले होते, थेट आमच्या दारातल्या बोंबलांसारखे. पहिल्यांदाच मला घराची आठवण आली.

बोट लावण्याची पद्धत बघून मात्र मी चक्रावलो. सगळ्या बोटी पाठ धक्क्याला चिकटवून ओळीनं उभ्या, पुढून नांगर टाकलेला, मागून सरळ फळी टाकून उतरायचं. आमच्याकडे असं केलं तर सहा तासांत होडी एकतर लोंबकळेल नाहीतर चिखलात बसेल. उधाणाला पाणी तीन मीटरच्या वर चढतं-उतरतं. इथे भरती-ओहोटी जेमतेम वीतभर! बार्बांना मी हे सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "तुला भरती कशी माहीत?" मी म्हटलं, "गाव समुद्राकाठी आहे." एवढंच.

मंगळवारी पहाटे वारा सुटला. याला मेल्तेमी म्हणतात. हा उत्तरेचा कोरडा वारा उन्हाळ्यात येतो, जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सगळ्यात जास्त. आपल्याकडे वादळ म्हणजे काळे ढग, पाऊस, विजा. इथे आभाळ निळंशार, ऊन लख्ख, आणि समुद्र मात्र टोकापर्यंत पांढरा फेसाळलेला. बोटींच्या डोलकाठ्यांवर दोर आपटत होते, दिवसरात्र खणखणाट. बंदर अधिकाऱ्यांनी प्रवासी जहाजांनासुद्धा मनाई केली. तिकडे त्याला 'अपागोरेफ्तिको' म्हणतात. शब्द एवढा लांब की उच्चारेपर्यंत अर्धा वारा ओसरावा, पण ओसरला नाही.

सिनियरनं त्यामागचं कारण सांगितलं आणि मी थक्क झालो. उन्हाळ्यात वायव्य भारत आणि पाकिस्तानची जमीन तापून तिथे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. आपला मान्सून त्याच्याच ओढीनं येतो. त्या पट्ट्याचं शेपूट इराणवरून थेट तुर्कस्तानपर्यंत पोचतं. तिकडे बाल्कन देशांवर हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानवर कमी, आणि मधल्या एजियनच्या बोळातून वारा दक्षिणेकडे धावत सुटतो. म्हणजे हर्णैला ज्यानं आमची होडी किनाऱ्यावर चढवून झापांनी शाकारायला लावली, त्याच्याच नात्यातल्यानं मला सिरोसला अडकवलं होतं.

नातं कळलं तरी माझं प्रेझेंटेशन शुक्रवारीच होतं. मंगळवार गेला. बुधवारही गेला. बुधवारी संध्याकाळी माझा धीर सुटला. मोबाइलवर वाऱ्याचा नकाशा उघडून मी बार्बांच्या समोर बसलो. "हे बघा, उद्या तीस नॉट. म्हणजे सात ब्यूफोर्ट. ही बोट त्याहून जास्त वाऱ्यासाठी डिझाइन केलेली आहे, माहितीपत्रकात लिहिलंय. शीड आखडून घेऊ, इंजिन लावू. आठ-दहा तासांचा तर प्रश्न आहे."

बार्बा कॉफी ढवळत म्हणाले, "बोट जाईल. माणसांचं काय?"

"पण माझं सर्टिफिकेट अडकलंय!"

आवाज जरा चढलाच. सिनियरनं मान खाली घातली. बार्बा रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझे वडील काय करतात?"

प्रवेश अर्जातला तोच रकाना. उत्तर तयार होतं, 'बिझनेस'. पण समोर धक्क्यावर एक म्हातारा ग्रीक कोळी पिवळ्या जाळ्याचा फाटका भाग पायाच्या अंगठ्यात ताणून शिवत बसला होता, अगदी बाबा बसतात तसा. माझ्या तोंडून निघून गेलं, "मच्छिमार आहेत. होडीचे कप्तान."

बार्बांनी चमचा खाली ठेवला. "आणि तू मला विचारतोस? त्यांना विचार. ते हो म्हणाले तर पहाटे पाचला दोर सोडतो."

मी व्हिडिओ कॉल लावला. भारतात रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. बाबा पडवीतच होते. मी नकाशा सांगायला लागलो, नॉट, ब्यूफोर्ट, बोटीची लांबी. त्यांनी मधेच थांबवलं. "पाणी दाखव." मी फोन बंदराच्या तोंडाकडे फिरवला. बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मग विचारलं, "वारा कुठला?"

"उत्तरेचा."

"तुमाला कुठं जायचंय?"

"पश्चिमेला, थोडं वायव्येला."

"म्हंजे लाट बगलंत." पुन्हा शांतता. मग म्हणाले, "तिथल्या होड्या बाहेर पडल्यात काय?"

मी मागे वळून बघितलं. मासेमारीच्या सगळ्या होड्या जागच्या जागी बांधलेल्या होत्या. तो म्हातारा अजून जाळं शिवत होता.

"नाही," मी म्हटलं.

"मग तू कोण लागून गेलास?"

एवढंच. ओरडले नाहीत, उपदेश केला नाही. मला आठवलं, दर वर्षी आगोटीला होडी वर चढवली की दोन महिने घरात पैसा येत नाही. मी लहान असताना हट्ट करायचो, "समुद्र आज शांत दिसतोय, जा ना!" तेव्हाही बाबा काहीतरी शिवत बसलेले असायचे. मला वाटायचं की हे बसून आहेत. ते बसून नव्हते, थांबले होते. यातला फरक मला तीन हजार मैलांवर, फुकटच्या सहलीत कळला.

मग बार्बांनी फोन मागितला. एकाला मराठी, दुसऱ्याला ग्रीक. बार्बा म्हणाले, "मेल्तेमी!" आणि हातानं लाट दाखवली. बाबांनी मान डोलावून तळहात आडवा फिरवला, म्हणजे बसा गप्प. बार्बा हसले, छातीवर हात ठेवला. दोन मिनिटांत दोघांचं सगळं बोलून झालं. मी मध्ये दुभाषा म्हणून उभा होतो, पण मला कुणी काही विचारलंच नाही.

फोन ठेवण्याआधी मी म्हटलं, "बाबा, परवा फोन करायचा राहिला. चूक झाली." पलीकडून उत्तर आलं, "जेवलास काय?" सूनिओच्या कड्यावरची गोष्ट मला त्या क्षणी समजली.

गुरुवारी प्रोफेसरांना मेल लिहिला. कारण एका ओळीत: वाऱ्यामुळे बेटावर अडकलो आहे. तासाभरात उत्तर आलं, "अर्थातच. सोमवारी करू." त्या देशात हे कारण कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्या प्रेझेंटेशनसाठी मी सहा जणांना समुद्रात घालायला निघालो होतो, ते असं एका ओळीत पुढे गेलं!

शुक्रवारी पहाटे वारा पडला. मासेमारीच्या होड्या अंधारातच बाहेर गेल्या होत्या, मी उठून मोजल्या. मग आम्ही निघालो. केआ आणि किथ्नोसच्या मधून, पन्नासेक सागरी मैल. लाट अजून जड होती, बगलेतच, बाबांनी सांगितल्याप्रमाणे. शीड आखडलेलं असूनही बोट कलत होती आणि मी पुन्हा एकदा रिकामा झालो. अधूनमधून मनात येत होतं की कालच्या वाऱ्यात हे कसं झालं असतं. दुपारी चारला लावरिओला दोर बांधला आणि सगळ्यात आधी फोन केला.

१ ऑगस्टला घरी पोचलो. आईसाठी सिरोसचे लुकूमी आणले होते, पीठीसाखरेत घोळवलेले मऊ चौकोन. आजीनं एक तोंडात टाकून निकाल दिला, "हलव्याचा चुलतभाऊ." बाबांसाठी बार्बांनी पितळेची एक जुनी कडी दिली होती, दोर अडकवायची. बाबांनी ती उलटसुलट करून बघितली आणि खिशात घातली. आता ती होडीवर आहे.

१९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. नारळ सोडून झाल्यावर मी बाबांना म्हटलं, "मला घ्या ना." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग "चल" म्हणाले. सुवर्णदुर्गाला वळसा घालताना त्यांनी दहा मिनिटं सुकाणू माझ्या हातात दिलं आणि स्वतः दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. मी चुकलो तरी दिसू नये म्हणून असेल, किंवा मला ते दिसू नयेत म्हणून.

ऑगस्टअखेर पुढच्या वर्षाचा प्रवेश अर्ज भरला. रकान्यात लिहिलं, 'तांडेल'. मॅडमनी पुन्हा चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे काय रे?" मी सांगितलं. म्हणजे पाच मिनिटं सांगत होतो. मागे लाइन लागली होती.

तर मित्रहो, तुम्ही सगळे सुट्टीत हर्णैला जरूर या. संध्याकाळी किनाऱ्यावरचा माशांचा लिलाव बघा, आईच्या हातचं कालवण खा. पण जुलैत येऊन, "समुद्र शांत दिसतोय, एक राउंड मारू या ना" असं म्हणू नका. बाबा तुम्हाला एकच प्रश्न विचारतील.

— यंत्र अभियांत्रिकी विभाग